दारामागच्या कागदावरचे दोन लाख

टाचणीबाईंना या नावाने हाक मारलेली आवडत नाही, पण त्याला इलाज नाही. सकाळी दुकान उघडलं की ओठांत चार टाचण्या धरायच्या आणि संध्याकाळी शटर ओढतानाच त्या बाहेर काढायच्या, असा ज्या बाईचा रिवाज, तिला लोक दुसरं काय म्हणणार? बोलतातही टाचण्या धरूनच. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई रागावल्यात. जुन्या गिऱ्हाइकाला माहीत असतं, की खरंच रागावल्यात.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक टेबल, एक आरसा, आणि आरशापुढे उभं राहून पोट आत ओढणारं एक गिऱ्हाईक. बाई नवीन काही शिवत नाहीत. लांब पँट तोकडी करायची, गेलेली चेन बदलायची, घट्ट झालेलं सैल करायचं. "नवा कपडा काय, कुणीही शिवेल," त्या म्हणतात. "जुना कपडा माणसाच्या वयाबरोबर चालवायचा, तिथे खरी परीक्षा."

आणि त्या परीक्षेत पास व्हायचा त्यांचा एकच मंत्र: माया सोडायची. म्हणजे शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. वरून दिसत नाही, पण उद्या माणूस सुटला तर उसवून वाढवता येतं. बाई सगळ्यात माया सोडतात. दूध एक पिशवी जास्त आणतात, पाहुणे चार येणार असले तर सहा ताटं घासून ठेवतात. लेकीला फोन करतानाही "दोनच मिनिटं बोलते" म्हणतात आणि आत अर्धा तास दुमडलेला असतो.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. उंच, शांत, गुडघ्यातून जरासा वाकलेला माणूस. हाताला ग्रीसचा वास, तो साबणाने जात नाही आणि आता बाईंना येतही नाही. तो बायकोसारखा बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तो साधा आहे. साधा कसला! घरून निघायचं असेल साडेनऊला, तर हा नऊला दारात बूट घालून उभा. छत्री नेतो ती दोन नेतो. एक मोडली तर?

या दोघांच्या घरात एक पद्धत आहे. वर्ष संपत आलं की एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि पुढल्या वर्षी पैशाचं काय काय करायचं ते लिहून काढायचं. कच्चं लिहिणार बाई, कपडे बेतायच्या खाकी कागदावर, पेन्सिलीने. त्यावरून पक्कं लिहिणार नवरा, पांढऱ्या कागदावर, कारण त्याचं अक्षर सुरेख आहे आणि बाईंचं अक्षर त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नाही. मग तो पांढरा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे लावायचा. एकदा का कागद दारामागे गेला, की वर्षभर त्यावर वाद नाही. कागद म्हणेल ते खरं.

ही पद्धत पडली एका सोफ्यामुळे. कागद नव्हता त्या काळात दोघांनी हौसेने हप्त्यावर सोफा घेतला. तो दारातून आत येईना. उभा केला, आडवा केला, शेजाऱ्यांना बोलावून तिरका केला. शेवटी आठ महिने तो जिन्यात राहिला. हप्ते यांनी भरले आणि बसले शेजारी. तेव्हापासून नियम झाला: आधी लिहायचं, मग करायचं.

यंदा मात्र कागदाने घात केला.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी एका कंत्राटदाराने नवऱ्याला बोलावलं. दूर देशी उंच इमारती बांधतायत, तिथे लिफ्ट बसवायच्या. दोन वर्षं राहायचं, मधे सुट्टी नाही. "सही केलीस की आगाऊ रक्कम हातात," कंत्राटदार म्हणाला. "किती लागतात ते सांग."

नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. बाईंनी टाचण्या काढून ठेवल्या. घरात टाचण्या काढल्या की विषय गंभीर.

"तुम्हाला जायचंय?" त्यांनी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मी काय सांगू? तुमचं काम, तुमचे पाय."

"मग कागद करू. कागद म्हणेल ते."

बघा, कसे असतात! एकावन्न वर्षांचा नवरा आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान बायको. दोघांनाही जे विचारायचं होतं ते विचारलं नाही, आणि एका कोऱ्या कागदाच्या गळ्यात सगळं घातलं. बाईंच्या मनात आलं, आपण नको म्हटलं आणि लेकीची फी अडली तर? नवऱ्याच्या मनात आलं, आपण नको म्हटलं तर ही म्हणेल, भ्याला. आत बसलेल्या सासूबाईंच्या मनात काय आलं ते कळलं नाही. त्यांना ऐकू कमी येतं, आणि कानाचं यंत्र घ्यायला त्या तयार नाहीत. "यंत्र आलं की सगळंच ऐकावं लागेल," म्हणतात.

रविवारी कागद झाला. लेकीच्या शेवटच्या वर्षाची फी. जिन्याखालच्या दुकानाची अनामत, कारण जागेच्या मालकाने करार नवा करताना ती वाढवून मागितली होती आणि दिली नाही तर जिन्याखाली मोबाइलवाला बसणार होता. सासूबाईंचं यंत्र, त्यांना न विचारता. अडीअडचणीला काही. एकीकडे हे, दुसरीकडे दोघांची वर्षाची शिल्लक. नवऱ्याने पांढऱ्या कागदावर सुरेख अक्षरात उतरवलं, तळाशी रेघ मारली आणि वजाबाकी केली.

कमी पडतात: दोन लाख.

त्याने वजाबाकी पुन्हा एकदा करून बघितली. मग उठला आणि चार टाचण्यांनी कागद दारामागे लावला. बाईंच्याच टाचण्या, त्यांच्याच समोर.

"गुरुवारी कंत्राटदाराचा माणूस येतोय सहीला," तो म्हणाला. "तेवढे दोन सांगतो त्याला."

बाई म्हणाल्या, "बरं."

कागद दारामागे गेला होता ना!

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्यांच्या गिऱ्हाइकांना विचारा. एका पँटचे दोन्ही पाय बाईंनी वेगवेगळ्या लांबीचे केले. एका बाईच्या फ्रॉकची चेन उलटी बसवली. घरी नवरा रोज काहीतरी दुरुस्त करत होता. नळ, खिडकीची कडी, लेकीच्या खोलीतला दिवा. दोन वर्षांचं सगळं आत्ताच करून ठेवत होता. बाईंना ते बघवेना. त्यातून तो रोज जेवताना त्या दाराकडे तोंड करून बसायचा.

"जागा बदला की," त्या एकदा ओरडल्या.

"का?"

"वारा येतो तिथे."

"दार बंद आहे," तो म्हणाला.

गुरुवार उजाडला. नवरा गावातल्या एका नऊ मजली इमारतीत कामाला गेला. फाइल घेऊन माणूस दुपारी बाराला तिथेच येणार होता. बाईंनी दुकान उघडलं, टाचण्या ओठांत धरल्या, आणि कोटवाले काका आले.

हे काका दर हिवाळ्यात तोच कोट घेऊन येतात आणि दर हिवाळ्यात म्हणतात की तो धुवून आटला. यंदा मात्र त्यांची तक्रार वेगळी होती.

"बाई, हा कोट घातला की मी फुगलेला दिसतो. घरातली सगळी हसतात. कमरेला हात लावून बघा, गादीसारखं लागतं."

बाईंनी हात लावला. खरंच गादी होती. त्यांनी कोट उलटा केला, अस्तर उसवलं, शिवण उसवली. आत कापडाचा जाड पदर. मूळ शिंप्याने भरपूर माया सोडली होती. मधे कुणीतरी तो कोट वाढवला होता. त्याने आधीची माया बघितलीच नाही, वर स्वतःची पट्टी जोडली आणि तिलाही माया सोडली. कोट बाहेरून घट्ट आणि आतून कापडाने गच्च.

"काका, पोट तुमचं नाहीच," बाई टाचण्यांतून म्हणाल्या. "दोन शिंप्यांचं आहे. दोघांनी आपापली माया सोडली आणि एकमेकांना सांगितलं नाही."

काका इतके खूश झाले की आरशात जाऊन पोट सोडून उभे राहिले. पण बाई तिथे नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण हातात कात्री, आणि डोळे भिंतीला. कारण त्यांना फी आठवली होती. कॉलेजने कळवली होती एक लाख वीस हजार. त्यांनी कच्च्या कागदावर लिहिली होती एक लाख चाळीस. असू दे, ऐनवेळी वाढली तर. अनामत मालकाने मागितली ऐंशी, त्यांनी लिहिली एक लाख. हात आपोआप चालला होता. माया सोडल्याशिवाय त्या हाताला काही बेतताच येत नाही.

आणि शाळा उघडताना गणवेशांच्या कामाचे जे जास्तीचे तीस हजार येतात, ते तर त्यांनी धरलेच नव्हते. नाही आले तर?

"काका," त्या म्हणाल्या, "दुकान सांभाळा."

"मी?"

"कुणी आलं तर म्हणा, बाई आत्ता येतात."

घर दोन गल्ल्या सोडून. बाईंनी दार लोटलं, स्वयंपाकघरात शिरल्या आणि दारामागचा कागद ओढून काढला. टाचण्या टपाटप खाली पडल्या. मग कपाटाच्या वरून खाकी कागद काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले.

सासूबाई दारात आल्या. "काय गं, भूकंप झाला का?"

बाई आकड्यांवरून बोट फिरवत होत्या. खाकी कागदावर फी एक लाख चाळीस होती. पांढऱ्यावर एक लाख साठ. खाकीवर अनामत एक लाख. पांढऱ्यावर एक वीस. यंत्र चाळीसचं पन्नास झालं होतं, आणि मुळात ते तीसलाच मिळत होतं. रविवारी तळाचा दोन लाखांचा आकडा दिसल्यावर बाईंनी वरच्या ओळी वाचल्याच नव्हत्या. तिथे नवऱ्याने बायकोचे आकडे नुसते उतरवले नव्हते. प्रत्येक आकडा गुपचूप वाढवला होता.

"हा माणूस!" बाई म्हणाल्या, तेव्हा एक टाचणी टुणकन टेबलावर पडली. "हा माणूस मला म्हणतो, तू फार घोळ घालतेस!"

"तो लहानपणापासून तसाच," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. या वेळी बरं ऐकू आलं त्यांना. "भूक दोन घासांची, मागणार चार. आणि उरलेले खिशात घालून शाळेत न्यायचा."

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाईंनी फोन लावला. वाजत राहिला. नवरा लिफ्टच्या वरच्या खोलीत काम करताना फोन खाली डब्याच्या पिशवीत ठेवतो. एकदा फोन लिफ्टच्या विहिरीत पडला होता, तेव्हापासून.

बाई दोन्ही कागद घेऊन पळाल्या. पळाल्या म्हणजे काय, जितकं पळता येतं तितकं. इमारत चौकापलीकडे. आत शिरून लिफ्टसमोर उभ्या राहिल्या, तर दारावर पाटी: काम चालू आहे, जिना वापरा. अक्षर ओळखीचं. सुरेख.

"नवरा आहे का कोण आहे हा!" असं म्हणून बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जाडगेला माणूस पायरीवर बसला होता. टाय सैल केलेला, मांडीवर निळी फाइल, कपाळावर घामाच्या धारा.

"तुम्हीही वर?" त्याने विचारलं.

"हो."

"कितवा?"

"अगदी वर."

"मीही. या लिफ्टवाल्याची सही घ्यायचीय, आणि लिफ्ट त्यानेच बंद ठेवलीय! आमच्या साहेबांना म्हटलं, त्याला ऑफिसात बोलवा. नाही, म्हणे, माणूस डळमळीत आहे, तूच जा आणि जागेवर सही घे."

बाईंनी फाइल ओळखली. पण चेहऱ्यावर काही नाही. चार टाचण्यांतल्या तीन अजून ओठांत होत्या, त्यांचा हा एक फायदा.

"तुमचा चेहरा फार लाल दिसतोय हो," त्या काळजीने म्हणाल्या. "छातीत धडधडतंय?"

"धडधडतंय तर!"

"मग उठू नका. दहा मिनिटं तरी बसा. माझ्या ओळखीत एक होते, असेच घाईने चढले..."

"आणि?"

"बसा हो तुम्ही," बाई म्हणाल्या आणि चढू लागल्या.

चौथा, पाचवा. सहाव्यावर त्यांचीच छाती भरून आली. खालून पावलं ऐकू आली. माणूस उठला होता. कोण ओळखीत होते आणि त्यांचं काय झालं, हे सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. सातव्यावर कठड्याला धरून ओढत गेल्या. आठव्यावर पायात गोळा आला. नवव्याच्याही वर एक लोखंडी शिडी होती, ती त्या चपला काढून चढल्या.

वरच्या खोलीत मोठं चाक, काळे दोर, आणि ग्रीसने माखलेला नवरा.

"तू?" तो म्हणाला. "आईला काही झालं?"

बाईंनी टाचण्या काढल्या. श्वासच येईना, म्हणून त्यांनी नुसते दोन कागद पुढे केले.

त्याने बघितलं. दारामागचा कागद दारामागे नाही, हे बघूनच तो चिडला. "हा काढलास कशाला? ठरलं होतं ना, एकदा लावला की..."

"त्यात खोटं आहे."

"काय खोटं?"

"माझं. मी फीत वीस वाढवले. अनामतीत वीस. गणवेशांचे पैसे धरलेच नाहीत." त्यांनी दम घेतला. "आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"अहो, सांगा. खालून तो माणूस चढतोय."

नवऱ्याने चाकाकडे बघितलं. "मी उतरवताना थोडं... सुरक्षेसाठी. दोर सहा माणसांसाठी असतो तेव्हा तो काय सहाच उचलतो? पाटीवर सहा लिहायचं, दोर कित्येक पट घ्यायचा. तेवढा हात राखावाच लागतो."

"माझ्या हात राखलेल्यावर तुम्ही हात राखलात!"

"मला काय माहीत तू आधीच राखलायस? तू तर बारीक हिशेबाची."

"आणि ओव्हरटाइम?"

तो फडक्याने हात पुसू लागला.

"अहो, ओव्हरटाइम?"

"नाही धरला," तो पुटपुटला. "तीस. मिळेलच असं नाही."

बाईंनी ॲप्रनच्या खिशातून शिवणाचा खडू काढला आणि खोलीच्या भिंतीवर उसवायला सुरुवात केली. फीतले चाळीस सुटले, अनामतीतले चाळीस. यंत्रातले वीस. "अडीअडचणीचे?" "तीस ठरले होते. मी चाळीस केले." "मी पन्नास." आणखी वीस. गणवेशांचे तीस, ओव्हरटाइमचे तीस. खडू भिंतीवर करकरत होता. खाली शिडीवर बूट वाजले.

दोन लाखांतले एक लाख ऐंशी भिंतीवर होते. कोटातली गादी.

उरले वीस हजार. ते मात्र खरेच कमी होते. बाईंनी दोनदा बेरीज केली, पण ते काही सुटेनात.

फाइलवाल्याचं डोकं वर आलं. मग टाय, मग बाकीचा. त्याने भिंत बघितली, बाई बघितल्या, आणि त्याला सगळा उलगडा झाला.

"तुम्ही होय!" तो धापा टाकत म्हणाला. "वहिनी, असं करतात का? असो. वीस तरी कमी पडतातच ना? भिंतीवर तुम्हीच लिहिलंय. सही करा, वीसच्या जागी दोन लाख मिळतायत." आणि त्याने फाइल उघडून पेन पुढे केलं.

नवऱ्याने पेन घेतलं.

बाईंच्या हातातला खडू मोडला. कागदामागे लपायला आता कागदच उरला नव्हता. वीस हजार हा काही आकडा नव्हे, की त्याच्यासाठी माणूस दोन वर्षं पाठवावा. पण तो म्हणाला, मला जायचंय, तर?

"मला तुम्ही जायला नकोयत," बाई म्हणाल्या. टाचण्या ओठांत नसताना त्यांचा आवाज भलताच बारीक निघाला. "रविवारीच सांगायला हवं होतं. फी अडेल म्हणून नाही बोलले. आता तुम्ही बोला. कागदाचं नको, तुमचं सांगा."

नवऱ्याने पेनाला टोपण लावलं. टोपणावर ग्रीसचा अंगठा उठला.

"माझा गुडघा नऊ मजल्यांना दुखतो," तो म्हणाला. "तिथे साठ मजले आहेत. मला पहिल्या दिवसापासून जायचं नव्हतं. तू 'बरं' म्हणालीस."

"तुम्ही कागद लावलात म्हणून 'बरं' म्हणाले!"

"तू 'बरं' म्हणशील असं वाटलं नव्हतं म्हणून लावला!"

"अहो पण..." फाइलवाला मधे म्हणाला.

"तुम्ही थांबा," दोघं एकदम म्हणाले.

तो थांबला. बिचारा काय करणार, शिडी उतरायचं त्राणही नव्हतं. नवऱ्याने पेन त्याच्या खिशाला लावलं, भिंतीवरचा मोठा खटका ओढला आणि लिफ्ट चालू केली. "चला, खाली सोडतो."

फाइलवाला लिफ्टच्या दारात अडला. "आत्ताच दुरुस्त केलीय ना? धरेल ना?"

"साहेब, पाटी सहा माणसांची आहे," नवरा म्हणाला. "आणि माझा हात राखलेला आहे."

त्या रविवारी कागद पुन्हा झाला. पांढऱ्यावरच, पेनाने, दोघांनी शेजारी बसून, प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून. फी आहे तेवढी. अनामत आहे तेवढी. अडीअडचणीचे तीस, आणि हात राखायचा तो तिथेच. तळाशी: कमी पडतात वीस हजार. त्यातले दहा हजार बाईंनी गणवेशांव्यतिरिक्त कमवायचे, दहा नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी दोन जुन्या इमारतींची देखभाल घेऊन. कुठल्या महिन्यापर्यंत, तेही लिहिलं.

लिहून झालं तेव्हा बाईंना काही बरं वाटेना. अगदी अंगाबरोबर बेतलेला कपडा घातल्यासारखं. श्वास घेतला तर उसवेल. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, तर त्याचंही बोट पेनावर चाळवत होतं. फीच्या आकड्यापाशी.

"हात मागे," बाई म्हणाल्या.

"मी काही नाही केलं."

"करणार होतात."

त्याने कागद दारामागे लावला. सासूबाई आल्या, चष्मा नाकावर घेतला आणि एकेक ओळ वाचत यंत्रापाशी थांबल्या.

"तीस हजार?" त्या म्हणाल्या. "घ्यायचंच म्हणताय तर चाळीस लिहा हो. तोवर महाग झालं तर?"

"नाही!" दोघं ओरडले, आणि ते त्यांना यंत्राशिवायही स्पष्ट ऐकू गेलं.